चार सर्किटं, एक सूर: मार्कोनीच्या पेटंट क्रमांक ७६३,७७२ चं प्रकरण

‘अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९४३ साली टेस्लाला रेडिओचा जनक ठरवलं’ हे वाक्य मी मराठीत इतक्या ठिकाणी वाचलंय की आता मोजणं सोडून दिलंय. त्याखाली कुणीतरी आपल्या जगदीशचंद्र बोसांचं नाव घेतं आणि मग खरा जनक कोण यावर वाद पेटतो. बोसांविषयीचा तो कळवळा माझाही आहे. पण त्या निकालपत्रात असं वाक्य नाही. कोर्टासमोर रेडिओचा जनक कोण हा मुद्दाच नव्हता. मुद्दा होता बिनतारी संदेशाच्या क्षेत्रातल्या मार्कोनीच्या एका पेटंटमधल्या काही क्लेमचा, म्हणजे हक्काच्या दाव्यांचा: त्यांत जे सांगितलंय ते ठरावीक तारखेच्या आधी दुसऱ्या कुणी सांगून ठेवलं होतं का?

पेटंटच्या क्षेत्रात याला अँटिसिपेशन म्हणतात आणि आधी सांगून ठेवलेल्या सगळ्या गोष्टींना मिळून प्रायर आर्ट. संदेशवहनाच्या उपकरणांबद्दल हा प्रश्न आजही रोज कुठल्या ना कुठल्या पेटंट कार्यालयात विचारला जातो. तो कसा सोडवायचा आणि सोडवताना हुशार माणसांचंही एकमत का होत नाही, हे शिकायला मला या खटल्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं माहीत नाही. म्हणून तो सविस्तर मांडतोय.

खटला काय होता

२९ जुलै १९१६ रोजी ‘मार्कोनी वायरलेस टेलिग्राफ कंपनी ऑफ अमेरिका’नं थेट अमेरिकन सरकारवर खटला भरला. सरकारनं परवान्याशिवाय एखादं पेटंट वापरलं, तर १९१०च्या कायद्यानुसार मालकाला सरकारचं काम थांबवता येत नसे. ‘कोर्ट ऑफ क्लेम्स’मध्ये जाऊन भरपाई तेवढी मागता येई. कंपनीनं चार पेटंट पुढे केली. मार्कोनीचं मूळ पेटंट, जे १९०१मध्ये ११,९१३ या क्रमांकानं फिरून दिलं गेलं होतं. ऑलिव्हर लॉजचं १८९८चं ६०९,१५४. मार्कोनीचंच २८ जून १९०४ला मंजूर झालेलं ७६३,७७२. आणि जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांचं १९०५चं व्हॉल्व्हचं (रेडिओतल्या काचेच्या नळीचं) पेटंट, ८०३,६८४.

खटला सत्तावीस वर्षं चालला. मधल्या काळात, १९१९मध्ये, अमेरिकन मार्कोनी कंपनीचा कारभार आरसीएकडे (रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका) गेला. खटल्यावर नाव मात्र जुनंच राहिलं. १९२१मध्ये ७६३,७७२ची सतरा वर्षांची मुदत संपली. ठिणगी पाडून लहरी पाठवणाऱ्या यंत्रांची जागा व्हॉल्व्हनं घेतली. आपल्याकडे १९२७मध्ये खडकीहून विलायतेला बीम वायरलेसनं तारा जाऊ लागल्या आणि तिकडून येणाऱ्या दौंडला पकडल्या जाऊ लागल्या, तेव्हा या खटल्यातली यंत्रं जुनी झाली होती. म्हणजे १९४३च्या निकालानं रेडिओच्या धंद्यात कुणाचा मार्ग मोकळा झाला नाही किंवा अडला नाही. जुन्या वापराचे पैसे द्यायचे की नाही, एवढंच ठरायचं होतं.

कोर्ट ऑफ क्लेम्सनं १९३५मध्ये आपले निष्कर्ष दिले. मार्कोनीच्या पहिल्या पेटंटचं सरकारनं उल्लंघन केलेलं नाही. लॉजचं पेटंट वैध आहे आणि त्याचं उल्लंघन झालंय. ७६३,७७२मधला क्लेम १६ वैध, वादातले बाकीचे क्लेम अवैध. फ्लेमिंगचं पेटंट टिकत नाही. पुढे भरपाईचा आकडा ठरला: ४२,९८४ डॉलर ९३ सेंट आणि त्यावरचं व्याज. त्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल १९४३मध्ये युक्तिवाद झाले, २१ जूनला निकाल लागला.

युद्धाच्या काळात सरकारचे पैसे वाचवण्यासाठी हा निकाल दिला, असंही म्हटलं जातं. १९३५ हे साल लक्षात ठेवलं तर ते पटत नाही. मुख्य क्लेम अवैध ठरले तेव्हा दुसरं महायुद्ध सुरूही झालं नव्हतं.

क्लेममध्ये काय होतं

इथे थोडं तंत्रात शिरावंच लागेल, नाहीतर पुढचं सगळं नुसती नावं आणि तारखा होऊन बसेल.

मार्कोनीच्या सुरुवातीच्या यंत्रात ठिणगीची फट थेट अँटेनाच्या वाटेतच होती. ठिणगी उडाली की अँटेना विजेची आंदोलनं हवेत फेकायची, पण दोन-चार झोक्यांत सगळी शक्ती संपायची. टाळी वाजवल्यासारखं. टाळीला सूर नसतो, ती सगळ्यांनाच ऐकू जाते. दोन जहाजं एकाच वेळी बोलू लागली की तिसऱ्याच्या यंत्रावर दोघांचा कालवा.

याच्या उलट, एक कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) आणि एक कॉइल (तारेचं वेटोळं) असं बंद सर्किट घेतलं तर त्यात आंदोलनं बराच वेळ टिकतात, एका ठरावीक सुरात टिकतात, पण ती हवेत फारशी जात नाहीत. एकाला आवाज आहे पण सूर नाही, दुसऱ्याला सूर आहे पण आवाज नाही.

मार्कोनीच्या ७६३,७७२मध्ये या दोघांना ट्रान्सफॉर्मरनं जोडलंय. पाठवणाऱ्या टोकाला बंद सर्किट शक्तीचा साठा करतं आणि अँटेनाला ती जरा जरा करून देतं. घेणाऱ्या टोकाला हेच उलट्या क्रमानं: अँटेना जे पकडते ते दुसऱ्या बंद सर्किटात साठत जातं आणि पुरेसं साठलं की कोहिअरर, म्हणजे संदेश ओळखणारा भाग, जागा होतो. दोन टोकांची मिळून चार सर्किटं. आणि पेटंटचा गाभा हा की ही चारही सर्किटं एकाच सुराला लावायची. प्रत्येक सर्किटातल्या कपॅसिटन्स (कपॅसिटरचं माप) आणि इंडक्टन्सचा (कॉइलचं माप) गुणाकार सारखा आला की ती एकमेकांशी बोलतात.

सतार जवळून ऐकलेल्याला हे लगेच कळेल. वरच्या तारेवर एखादा स्वर छेडला की खाली त्याच स्वराला लावलेली तरफेची तार बोट न लागता बोलू लागते. शेजारची तरफ, जी दुसऱ्या स्वराला लावलीय, ती गप्प असते. या पेटंटमध्ये अशा चार तारा आहेत, दोन इकडे, दोन समुद्रापलीकडे. काही क्लेममध्ये नुसती ही चौघांची जुळणी होती, तर काहींमध्ये ती जुळणी करायला कमी-जास्त करता येणारी कॉइल वगैरे साधनंही सांगितली होती.

मार्कोनीनं याचा ब्रिटिश अर्ज २६ एप्रिल १९०० रोजी केला. तोच पुढे क्रमांक ७७७७मुळे ‘चार सातां’चं पेटंट म्हणून गाजला. अमेरिकन अर्ज १० नोव्हेंबर १९००चा. तो मंजूर व्हायला साडेतीन वर्षांहून जास्त काळ गेला आणि त्या काळात अमेरिकन पेटंट कार्यालयानं लॉज आणि टेस्ला यांची कागदपत्रं समोर ठेवून हरकती घेतल्या. म्हणजे आधीच्या तंत्रज्ञानाचा प्रश्न १९४३मध्ये अचानक उपटलेला नव्हता. तो पहिल्या दिवसापासून फाइलला चिकटलेला होता.

आधी कोण काय सांगून गेलं होतं

ऑलिव्हर लॉज लिव्हरपूलला प्राध्यापक होते. दोन लेडन जार, म्हणजे वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्या, घेऊन, एकात ठिणगी पाडली की जुळवलेल्या दुसऱ्यातही पडते, हा प्रयोग त्यांनी १८८९च्या सुमारासच दाखवला होता. त्यांच्या पेटंटमध्ये दोन्ही टोकांच्या अँटेना सर्किटात कमी-जास्त करता येणारी कॉइल घालून ती एका सुराला आणण्याची कल्पना आहे, ठरावीक स्टेशननं ठरावीक स्टेशनशीच बोलावं हा हेतू सांगून. चारही सर्किटं एका सुरात, असं मात्र लॉज स्पष्ट म्हणत नाहीत.

निकोला टेस्लाचं पेटंट ६४५,५७६. अर्ज २ सप्टेंबर १८९७, मंजुरी २० मार्च १९००. त्यात पाठवणाऱ्या टोकाला दोन आणि घेणाऱ्या टोकाला दोन अशी चार सर्किटं आहेत आणि ती एकमेकांशी जुळवलेली आहेत. टेस्लाला वीजच बिनतारी पाठवायची होती, वातावरणाच्या वरच्या विरळ थरांतून. पण हीच योजना दूरवर संदेश पाठवायलाही चालेल, हेही त्यानं लिहून ठेवलंय. मार्कोनीच्या बाजूचं म्हणणं पडलं की टेस्लाचं तत्त्वच वेगळं आहे. त्यात तथ्य आहे. हर्ट्झच्या, म्हणजे आपण आज रेडिओच्या म्हणतो त्या, लहरींवर टेस्लाची भिस्त नव्हती. पण क्लेममध्ये सर्किटांची रचना सांगितलेली असेल, तर आधीच्या माणसानं ती रचना कुठल्या हेतूनं केली याला मर्यादित महत्त्व राहतं. मला इथे कोर्टाचं बरोबर वाटतं. तरी टेस्लाच्या कागदात एक उणीव होतीच: जुळणी हवी तशी बदलता येण्याचं साधन त्यात नव्हतं, जे लॉजकडे होतं.

आणि तिसरा माणूस जॉन स्टोन स्टोन. नाव दोनदा चुकून छापलेलं नाही, ते तसंच आहे. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश हार्लन फिस्क स्टोन, त्यांचा याच्याशी नात्याचा काही संबंध नाही. जॉन स्टोन मूळचा टेलिफोनमधला. बोस्टनला बेल कंपनीत त्यानं वर्षानुवर्षं काम केलं. टेलिफोनच्या तारांवर एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांतले संकेत पाठवून ते पुढे वेगळे करणं, हे ज्याचं रोजचं गणित, त्याला बिनतारी यंत्रांतला कालवा ऐकून काय सुचेल याचा अंदाज करता येतो.

स्टोनचा पेटंट अर्ज ८ फेब्रुवारी १९००चा. मार्कोनीच्या अमेरिकन अर्जाच्या नऊ महिने आधी आणि ब्रिटिश अर्जाच्याही अडीच महिने आधी. तो मंजूर झाला २ डिसेंबर १९०२ला, क्रमांक ७१४,७५६. त्याही आधी, ३० जून १८९९ला, त्यानं बेकर नावाच्या मित्राला पत्रानं ही कल्पना कळवली होती. त्यापुढच्या पत्रांत ती अजून उलगडली होती.

निकाल कशावर फिरला

अमेरिकन कायद्यात एक जुनं सूत्र आहे, तिथल्याच सर्वोच्च न्यायालयानं १८८९मध्ये सांगितलेलं: जी गोष्ट पेटंटनंतर आली असती तर उल्लंघन ठरली असती, ती आधी आलेली असेल तर अँटिसिपेशन. म्हणजे एकाच फूटपट्टीनं दोन्हीकडे मोजायचं. ही फूटपट्टी क्लेमच्या प्रत्येक घटकाला लावत जायचं: चार सर्किटं आहेत का, ट्रान्सफॉर्मरनं जोडलीत का, चारही जुळवलीत का, जुळणी बदलता येते का.

टेस्लाला ही पट्टी लावली तर पहिले तीन घटक मिळतात, शेवटचा नाही. लॉजला लावली तर शेवटचा मिळतो, चौघांची जुळणी मिळत नाही. स्टोनच्या मंजूर पेटंटमध्ये चारही मिळतात. म्हणून निकालपत्राचा सगळ्यात मोठा आणि मेहनतीचा भाग स्टोनवर खर्ची पडलाय. टेस्लावर त्या मानानं कमी. जो निकाल ‘टेस्लाचा विजय’ म्हणून प्रसिद्ध आहे, त्याचा खांब दुसऱ्याच माणसाच्या कागदांचा आहे आणि त्याचं नाव कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

स्टोनचा कागद आधीचा मानता येतो का? तो मंजूर झाला १९०२मध्ये. मार्कोनीनं नोव्हेंबर १९००मध्ये अर्ज केला तेव्हा स्टोनचा अर्ज पेटंट कार्यालयाच्या कपाटात बंद होता. मार्कोनीला तो दिसणं शक्य नव्हतं. हे अन्यायाचं वाटेल, पण प्रायर आर्टमध्ये नक्कल केली का हे पाहतच नाहीत. तारीख पाहतात. आधी दाखल झालेल्या आणि नंतर मंजूर झालेल्या अर्जातला मजकूर दाखल केल्याच्या तारखेपासून प्रायर आर्ट धरायचा, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९२६मध्ये न्यायमूर्ती होम्स यांच्या निकालात ठरवून टाकलं होतं. मार्कोनीनं कुणाचं चोरलं असं १९४३च्या निकालात कुठेही म्हटलेलं नाही.

खरी चकमक पुढे आहे. स्टोनच्या फेब्रुवारी १९००च्या मूळ मसुद्यात भर होता तो बंद सर्किटांच्या जुळणीवर. त्यांनी अँटेनाला आपल्या सुरात हलवायचं, अँटेना म्हणजे ओढून नेलेली, स्वतःच्या सुराशिवाय डोलणारी. अँटेनाही त्याच सुराला लावावी, हे उघड शब्दांत आलं १९०२मध्ये केलेल्या दुरुस्त्यांत. तोपर्यंत मार्कोनीचा अर्ज दाखल होऊन दीड वर्ष झालं होतं. मग चौथी तार स्टोननं नक्की केव्हा लावली? १९००मध्ये की १९०२मध्ये?

बहुमतातल्या न्यायमूर्तींचं उत्तर १९००. त्यांनी मूळ मसुदा ओळीओळीनं वाचून दाखवला आणि म्हटलं की अँटेना जुळवण्याची कल्पना त्यात आहेच, दुरुस्तीनं ती फक्त मोकळी करून सांगितली. आणि इथे ती १८९९ची पत्रं आली. त्या काळी अमेरिकेत पेटंट ‘आधी अर्ज’ करणाऱ्याला नव्हे, ‘आधी शोध’ लावणाऱ्याला मिळे. ती पद्धत मार्च २०१३पर्यंत टिकली. त्यामुळे कल्पना केव्हा सुचली याचा पुरावा म्हणून मित्राला लिहिलेलं पत्रही मोलाचं. बहुमतानं आणखी एक आधार दिला: अँटेना जुळवायची ही गोष्ट लॉजनं सांगितलेलीच होती, मग जुळवलेल्या बंद सर्किटांना जुळवलेली अँटेना जोडण्यात शोध तो काय उरला?

या शेवटच्या वाक्यापाशी थांबायला हवं. काटेकोर अर्थानं अँटिसिपेशन म्हणजे एकाच कागदात सगळं सापडणं. दोन कागद शेजारी ठेवून ‘जाणकाराला हे जोडणं सुचलंच असतं’ म्हणणं ही वेगळी कसोटी, उघडपणाची. १९४३मध्ये या दोन कसोट्यांमधली भिंत आजच्याइतकी पक्की नव्हती. अमेरिकन कायद्यात ती दोन वेगळ्या कलमांत बसली १९५२मध्ये. निकालपत्रात दोन्ही विचार एकमेकांत मिसळलेले आहेत. पत्रं आणि मूळ मसुदा मिळून स्टोन एकटा पुरतो, असं एकीकडे, आणि पुरत नसेल तर लॉज आहेच, असं दुसरीकडे. वाचताना हे वेगळं करून वाचलं नाही की टेस्लानं मार्कोनीला ‘अँटिसिपेट’ केलं असं ढोबळ वाक्य हाती लागतं.

ज्यांना पटलं नाही

निकाल पाच विरुद्ध तीन असा लागला. एका न्यायमूर्तींनी भाग घेतला नाही. फ्रँकफर्टर, रॉबर्ट्स आणि रटलेज या तिघांना मार्कोनीचे क्लेम टिकायला हवे होते.

फ्रँकफर्टर यांचं विरोधी मत मी पुन्हा पुन्हा वाचतो. ते म्हणतात की अशा तांत्रिक वादात न्यायाधीशाचं शिक्षण त्याला अपुरं पडतं. आणि चाळीसेक वर्षांनंतर, जेव्हा सगळं तंत्र घरोघरी पोचलंय, तेव्हा मागे वळून ‘हे तर आधीच माहीत होतं’ म्हणणं हा पश्चातबुद्धीचा भास आहे. रटलेज यांनी अजून एक बाजू मांडली: मार्कोनीआधी इतकी हुशार माणसं या प्रश्नाभोवती फिरत होती, तरी हव्या त्या स्टेशनशीच बोलणारं, धंद्याला उपयोगी पडणारं यंत्र उभं केलं ते मार्कोनीनं. इंग्लंडमध्ये १९११ला न्यायमूर्ती पार्कर यांनी ‘चार सातां’चं पेटंट वैध ठरवलं होतं. अमेरिकेतही १९१४मध्ये न्यायाधीश व्हीडर यांनी ७६३,७७२ उचलून धरलं होतं. मग १९४३मध्ये नवं काय दिसलं?

मला बहुमताचा निष्कर्ष पटतो. तारखा स्टोनच्या बाजूनं आहेत आणि ‘चार जुळवलेली सर्किटं’ एवढा रुंद क्लेम घेतला की त्या रुंदीत आधीचे लोक सापडणारच. पण फ्रँकफर्टर यांची हरकत माझ्या मनातून जात नाही. स्टोनचा १९००चा मसुदा ज्यांनी आधी मार्कोनी वाचला नाही अशा माणसाच्या हाती दिला, तर त्याला त्यात जुळवलेली अँटेना दिसेल का? बहुमताला ती दिसली, कारण काय शोधायचं ते त्यांना माहीत होतं. प्रायर आर्ट शोधणारा प्रत्येक जण या धोक्यातून जातो. क्लेम समोर धरून जुना कागद वाचला की जुन्या शब्दांना नवे अर्थ फुटतात.

मार्कोनीच्या कीर्तीबद्दल सरन्यायाधीश स्टोन यांनी जे लिहिलं ते इथे सांगायलाच हवं. बिनतारी संदेश प्रथम यशस्वी करणारा म्हणून त्याची जी ख्याती आहे ती त्याच्या पहिल्या पेटंटवर उभी आहे, त्याला इथे कुणी आव्हान दिलेलं नाही. पण त्या ख्यातीमुळे नंतरच्या प्रत्येक सुधारणेवर त्याचा हक्क होत नाही, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं आहे. ज्या निकालानं मार्कोनीला पदच्युत केलं असं म्हणतात, त्यातच हे लिहिलेलं आहे.

राहिलेल्या दोन गोष्टी

लॉजचं पेटंट मार्कोनीच्या कंपनीनंच विकत घेतलं होतं, त्यामुळे या खटल्यात ते वादीच्या झोळीतलं होतं. म्हणजे कंपनीनं एका हातानं लॉजच्या पेटंटचे पैसे मागितले आणि तेच पेटंट दुसऱ्या हातातल्या मार्कोनीच्या पेटंटविरुद्ध प्रायर आर्ट म्हणून उभं राहिलं. एखाद्या क्षेत्रातली सगळी पेटंट गोळा करणाऱ्या कंपन्यांना ही अडचण आजही येते. लॉजबद्दलचा खालच्या कोर्टाचा निर्णय तसाच राहिला.

क्लेम १६ मात्र सर्वोच्च न्यायालयानं परत पाठवला. त्यात अँटेनाच्या बाजूला कपॅसिटर जोडण्याची एक अरुंद सुधारणा होती. खालच्या कोर्टानं तो वैध धरताना प्यूपिन आणि फेसेंडन या दुसऱ्या संशोधकांच्या पेटंटांचा विचार केलेला नव्हता, म्हणून पुन्हा पाहा असं सांगितलं. क्लेम जितका अरुंद तितका तो जास्त टिकण्याची आशा, पण त्यालाही परीक्षा चुकत नाही.

फ्लेमिंगच्या व्हॉल्व्हची गोष्ट थोडक्यात. दिव्याच्या काचेत वेगळी पट्टी घातली की तिच्यातून एकाच दिशेनं वीज वाहते, हे एडिसनच्या १८८४च्या पेटंटमध्ये होतं. फ्लेमिंग यांचं श्रेय हे की त्यांनी तो दिवा रेडिओच्या लहरी ओळखायला लावला. पण त्यांच्या पेटंटचा क्लेम त्याहून रुंद, एडिसनच्या हद्दीत शिरणारा. दहा वर्षांनी, १९१५मध्ये, तो आवरता घेण्याचा कागद दाखल झाला. कोर्टानं म्हटलं, इतका उशीर चालणार नाही, सगळंच अवैध. आधीचं तंत्रज्ञान माहीत असूनही रुंद क्लेम धरून बसलं की असं होतं.

हेच आपल्याकडे घडलं असतं तर

भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्यात कलम १३ प्रमाणे परीक्षकाला आधीचं प्रकाशन आणि आधीचा क्लेम, दोन्ही शोधावे लागतात. मंजूर पेटंट रद्द करायला कलम ६४ आहे, त्यात नवेपणा नसणं आणि उघड असणं ही कारणं वेगवेगळ्या पोटकलमांत आहेत. १९४३च्या निकालात जे मिसळलं, ते इथे वेगळं करूनच लिहावं लागेल.

टेस्लाचं पेटंट मार्च १९००मध्ये प्रसिद्ध झालं होतं, म्हणजे मार्कोनीच्या ब्रिटिश अर्जाच्याही आधी. ते परदेशी असलं तरी आपल्याकडे चालतं, कारण आधीचं प्रकाशन जगात कुठलंही चालतं. लॉजचंही तसंच. स्टोनचं मात्र बदलतं. मार्कोनीच्या तारखेला त्याचा अर्ज प्रसिद्ध नव्हता. असा आधी दाखल आणि नंतर प्रसिद्ध झालेला अर्ज कलम १३ विचारात घेतं खरं, पण त्यात तुलना क्लेमची क्लेमशी होते, आणि तो अर्ज भारतात दाखल झालेला हवा. वर्णनात कुठेतरी लिहिलेलं पुरत नाही. आणि बेकरला लिहिलेली पत्रं तर बादच. मित्राला पाठवलेलं खासगी पत्र म्हणजे लोकांना माहीत झालेली गोष्ट नव्हे. म्हणजे बहुमताचा मुख्य खांबच इथे उभा राहिला नसता, आणि सगळा भार टेस्ला अधिक लॉज या जोडगोळीवर, उघडपणाच्या कलमाखाली, आला असता. तिथे मला वाटतं फ्रँकफर्टर यांचा आवाज अधिक जड ठरला असता.

आणि बोस? त्यांचं अमेरिकन पेटंट ७५५,८४० हे २९ मार्च १९०४ला मंजूर झालं. मार्कोनीच्या या पेटंटच्या तीन महिने आधी. अर्ज सप्टेंबर १९०१चा. पेटंट घेणं त्यांना स्वतःला रुचत नव्हतं. त्यांच्या अमेरिकन स्नेही सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांनी आग्रह धरला म्हणून ते झालं. पण ते आहे लहरी ओळखणाऱ्या डिटेक्टरचं, चार सर्किटांच्या जुळणीचं नाही, आणि त्याची तारीखही मार्कोनीच्या नंतरची. म्हणून या खटल्यात बोसांचं नाव निर्णायक होऊच शकत नव्हतं. त्यांच्या कामाची थोरवी मोजायला हा निकाल उपयोगाचा नाही. ती कलकत्त्यातल्या त्यांच्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांत शोधावी, तिथे ती भरपूर आहे.

निकाल ऐकायला ज्यांच्या जुळणीवर वाद चालला होता त्यांच्यातलं कुणीच नव्हतं. मार्कोनी १९३७मध्ये गेला, लॉज १९४०मध्ये. टेस्ला ७ जानेवारी १९४३ला न्यूयॉर्कच्या हॉटेलातल्या खोलीत गेला. जॉन स्टोन स्टोन २० मे १९४३ला. एप्रिलमध्ये त्याच्या कागदांवर युक्तिवाद झाले तेव्हा तो जिवंत होता. ४४ वर्षांपूर्वी मित्राला लिहिलेल्या पत्रांनी आपली तारीख सिद्ध केली, हे कळायला त्याला एक महिना आणि एक दिवस कमी पडला.